आहाराची जबाबदारी कोणाची?

काय खावे, किती खावे आणि केव्हा खावे, हे प्रश्न वरवर पाहता अगदी घरगुती आहेत. त्यांचा निर्णय स्वयंपाकघरात होतो, तो बहुधा घरातील गृहिणी करते आणि त्याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही. परंतु या लहानलहान निर्णयांची बेरीज जेव्हा एखाद्या जिल्ह्याच्या किंवा राष्ट्राच्या प्रकृतीच्या रूपाने प्रकट होते, तेव्हा तेच प्रश्न सार्वजनिक होतात. मग सरकार लोकांना आहाराविषयी सल्ला देऊ लागते, आणि त्याबरोबर एक वादही उभा राहतो. सल्ला दिला म्हणजे सरकारचे कर्तव्य संपले काय? आणि सल्ला मिळूनही जो त्याप्रमाणे वागत नाही, त्याच्या दुखण्याचा दोष त्याच्याच माथी मारावा काय?

या वादाचा विचार करावयास माळव्यातील धार आणि देवास ही दोन जुनी मराठी संस्थाने मोठी सोयीची आहेत. इंदूरच्या पश्चिमेस धार आणि ईशान्येस देवास. दोन्ही ठिकाणी पवार घराण्याने अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत राज्य केले. त्यांच्यामागोमाग नर्मदा ओलांडून गेलेली मराठी कुटुंबे आजही तेथे नांदत आहेत. त्यांच्या घरी वरणभात आणि पुरणपोळी आहे, तसेच माळव्याचे दाल-बाफलेही आहेत. काळी कसदार जमीन, उत्तम गहू व हरभरा आणि पाहुणचाराची हौस यांसाठी हा प्रदेश पूर्वापार प्रसिद्ध आहे. आणि याच प्रदेशात आज पोषणाचे प्रश्न अत्यंत बिकट स्वरूपात आढळतात.

धारचे दोन जुने ग्रंथ

आहाराविषयी सांगणे ही काही आजच्या सरकारांनी काढलेली नवी रीत नव्हे. अकराव्या शतकात धार ही परमार राजा भोज याची राजधानी होती. भोजाच्या नावावर जे अनेक ग्रंथ सांगितले जातात, त्यांत ‘चारुचर्या’ नावाचा एक लहानसा ग्रंथ आहे. दंतधावन, स्नान, भोजन अशा नित्याच्या गोष्टी माणसाने कशा कराव्यात, याचे मार्गदर्शन त्यात आहे. आरोग्य हे मुख्यतः व्यक्तीच्या आचरणावर अवलंबून असते, ही त्यामागील दृष्टी होय.

त्यानंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी, आजच्या धार जिल्ह्यातील मांडू येथे, दुसऱ्या प्रकारचा ग्रंथ तयार झाला. माळव्याचा सुलतान गियासशाह याने १४६९ ते १५०० पर्यंत राज्य केले. त्याच्यासाठी आरंभिलेला आणि त्याचा पुत्र नासिरशाह याच्या काळात पुरा झालेला ‘निमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेला आहे. समोसे, खीर, खिचडी, सरबते, अत्तरे आणि त्यांच्या जोडीला औषधी कृती असा त्याचा पसारा आहे. येथे भोजन हे मुख्यतः रसिकतेचे साधन आहे.

या दोन ग्रंथांत एक साम्य आहे. दोन्ही ज्याच्या घरी कोठार भरलेले आहे, त्याच्यासाठी लिहिलेले आहेत. पदार्थ मिळेल की नाही, हा प्रश्न त्यांत उद्भवतच नाही. काय निवडावे एवढाच प्रश्न उरतो. आजच्या आहारविषयक मार्गदर्शनास मात्र ही सवलत नाही. ते राजवाड्यासाठी नसून सर्व प्रजेसाठी असते, आणि प्रजेच्या कोठारात काय आहे याचा विचार केल्याशिवाय त्यास अर्थ प्राप्त होत नाही.

सल्ला कसा तयार झाला

भारतात आहाराचा शास्त्रीय अभ्यास १९१८ च्या सुमारास दक्षिणेतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका लहानशा खोलीवजा प्रयोगशाळेत सुरू केला. बेरीबेरी या रोगाचा तपास हे तिचे पहिले काम होते. तिच्यातूनच पोषण संशोधनाची मोठी संस्था उभी राहिली. १९३७ मध्ये तेथील संचालक आयक्रॉइड यांनी भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. कोणत्या धान्यात किती प्रथिने, कोणत्या भाजीत किती लोह, हे त्यामुळे प्रथमच आकड्यांनी सांगता येऊ लागले. पुढे या संस्थेचे संचालकपद डॉ. वि. ना. पटवर्धन यांनी भूषविले. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला गेली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

कुन्नूरच्या याच प्रयोगशाळेत काही काळ काम केलेल्या एका विदुषीचा उल्लेख येथे अगत्याने केला पाहिजे. धार आणि देवास यांच्या मधोमध असलेल्या इंदूर शहरी जन्मलेल्या कमला भागवत, म्हणजेच विवाहानंतरच्या कमला सोहोनी, यांनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. कमलाबाईंनी संशोधनासाठी जे विषय निवडले, ते गरिबाच्या ताटातले होते. डाळी, कडधान्ये आणि नीरा हे ते विषय होत. वालामध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे जे द्रव्य असते, त्यावरील त्यांचे काम १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. कडधान्य कच्चे न खाता नीट शिजवूनच खावे, या आपल्याकडील जुन्या रिवाजामागे केवढे शास्त्र आहे, हे अशा संशोधनामुळे समजते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. धार आणि झाबुआ भागांतील भिल्ल वस्त्यांत ताडाची झाडे आहेत. ताडाचा ताजा रस आणि आंबलेली ताडी यांतील अंतर तेथील लोकांना चांगले ठाऊक आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेने सर्वसामान्य भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक सूत्रे प्रथम १९९८ मध्ये प्रसिद्ध केली, २०११ मध्ये ती सुधारली आणि मे २०२४ मध्ये नव्याने मांडली. आता ही सूत्रे सतरा आहेत. विविध पदार्थांचा समतोल आहार घ्यावा, गर्भवती व स्तनदा मातांना अधिक पोषण द्यावे, बालकास पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, भाज्या व कडधान्ये भरपूर खावीत, तेल-तूप बेताने वापरावे, मीठ कमी करावे, नित्य व्यायाम करावा, कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ टाळावेत, खरेदीच्या वेळी पाकिटावरील माहिती वाचावी, असा त्यांचा आशय आहे. देशातील एकूण रोगभाराचा ५६.४ टक्के भाग अयोग्य आहाराशी निगडित आहे, असे या पुस्तिकेत नमूद केलेले आहे.

ताटाचा हिशेब

या सूत्रांबरोबर दिवसाच्या ताटाचा एक नमुनाही दिलेला आहे. तो दोन हजार कॅलरींच्या आहाराचा आहे. त्यात धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा त्यांऐवजी काही अंशी अंडी-मांस ८५ ग्रॅम, पालेभाज्यांसह सर्व भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया व सुका मेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर अशी प्रमाणे आहेत. हे आकडे पाहून कोणासही त्यांत अतिरेक दिसणार नाही. उलट, एखाद्या सुखवस्तू घरी हे जेवण साधेच वाटेल.

परंतु हाच नमुना महिन्याच्या वाणसामानात मांडून पाहावा. पाच माणसांच्या कुटुंबात तीस दिवसांस डाळी-कडधान्ये पावणेतेरा किलो लागतील. भाजी साठ किलो, फळे पंधरा किलो, दूध पंचेचाळीस लिटर, तेलबिया सव्वापाच किलो आणि तेल चार किलो. धान्य साडेसदतीस किलो. मुलांची वये आणि कष्टाचे प्रमाण यांनुसार हे आकडे मागेपुढे होतील, पण अंदाज येण्यास ते पुरेसे आहेत.

आता शिधापत्रिकेकडे वळू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील माणशी दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो धान्य देण्याची हमी दिली. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळते. म्हणजे पाच माणसांच्या प्राधान्य गटातील कुटुंबास पंचवीस किलो, अर्थात नमुन्यातील धान्याच्या दोन-तृतीयांश, इतका आधार आहे. भूक भागविण्याच्या दृष्टीने हा आधार फार मोलाचा आहे, आणि तो नसता तर काय झाले असते याची कल्पना दुष्काळ पाहिलेल्या पिढ्यांना होती. तथापि हे धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ आहे. नमुन्यातील डाळ, भाजी, दूध, फळ हा उरलेला भाग रोख पैसे देऊन बाजारातूनच आणावा लागतो. धान्य विपुल आणि डाळ-भाजी दुर्मिळ, ही गरिबाच्या ताटाची मुख्य विकृती आहे. तिच्यावर केवळ उपदेशाचा उपाय चालत नाही.

या विकृतीचे परिणाम मोजलेले आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातील पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी सुमारे छत्तीस बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. सहा महिन्यांपुढील शंभरांत त्र्याहत्तर बालकांत रक्तक्षय होता. पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरांत पंचावन्न होते. त्याच पाहणीत संपूर्ण देशात प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा फाजील वजनाचा असल्याचेही दिसून आले. एकाच देशात, पुष्कळदा एकाच गावात आणि क्वचित एकाच घरात, अशा दोन्ही प्रकारची माणसे आहेत.

शेतातून नाहीसे झालेले अन्न

धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. भिल्ल, भिलाला, बारेला या समाजांचे जुने अन्न ज्वारी, मका, उडीद आणि रानभाज्या असे होते. मक्याच्या पिठाचे गोळे पानात गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले पानिये आणि त्यांच्याबरोबर डाळ, किंवा ताकात शिजविलेली मक्याची राबडी, ही जेवणे आहारशास्त्राच्या कसोटीस चांगली उतरतात. धान्य आणि डाळ सुमारे तीनास एक या प्रमाणात एकत्र आली असता एकातील प्रथिनांची उणीव दुसऱ्याने भरून निघते, असे शास्त्र सांगते. माळव्यातील दाल-बाफले, खानदेशातील वरणबट्टी आणि महाराष्ट्रातील वरण-भाकरी यांची घडण याच तत्त्वावर आहे.

हे अन्न कमी का झाले, याचे एक मोठे कारण शेतात आहे. १९६० च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग सुरू केले. माळव्यातील काळी जमीन पावसाळ्यात पुष्कळदा पडीक ठेवीत असत. त्या जमिनीस हे पीक मानवले. पुढील दोन दशकांत ते सर्व माळव्यात पसरले, आणि प्रथम पडीक जमिनीवर आलेल्या या पिकाने मग ज्वारी, मका व तूर यांचीही जागा घेतली. १९८७ मध्ये इंदूर येथे सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले, आणि देवाससारख्या ठिकाणी सोयाबीनपासून तेल काढण्याचे कारखाने उभे राहिले. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, हे नाकारता येणार नाही. पुष्कळ घरांतील मुलांचे शिक्षण आणि मुलींची लग्ने सोयाबीनच्या पैशातून झालेली आहेत.

तथापि यातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने आणि वीस टक्के तेल असते. प्रथिनांच्या बाबतीत कोणतीही डाळ त्याची बरोबरी करू शकत नाही. असे हे धान्य ज्याच्या शेतात पिकते, त्याच्या ताटात ते सहसा येत नाही. ते कारखान्यात जाते. तेल शहरांच्या बाजारात जाते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यासाठी किंवा परदेशी जाते. कच्च्या सोयाबीनमध्येही पचनास अडथळा आणणारे द्रव्य असते, ते उकळल्याने निष्प्रभ होते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने घरगुती व लहान उद्योगांसाठी सोयाबीन प्रक्रियेच्या पद्धती तयार केलेल्या आहेत. सुमारे अर्धा तास उकळून, वाळवून दळलेले सोयाबीन गव्हाच्या पिठात दहास एक या प्रमाणात मिसळले तर पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. परंतु ही गोष्ट गावोगावी कोणी दाखवून दिल्याशिवाय रूढ होत नाही. पीक कसे काढावे हे शिकविण्यास जेवढी यंत्रणा राबली, तेवढी ते कसे खावे हे शिकविण्यास राबली नाही.

धार आणि झाबुआ भागांत दुसरेही एक संकट आहे, ते पाण्याचे. तेथील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण सुरक्षित मर्यादेहून अधिक आहे. त्यामुळे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि पुढे हाडे जखडतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने या दोन जिल्ह्यांत उपाययोजना आखली. तिच्यात सुरक्षित पाण्याबरोबरच कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व देणाऱ्या आहारावर भर होता. आवळा किंवा पालेभाजी खाणे हे माणसाच्या हाती असू शकते, पण विहिरीतील फ्लोराइड काढणे हे एकट्या कुटुंबाच्या हाती मुळीच नाही. शिवाय या भागातील पुष्कळ कुटुंबे वर्षातील काही महिने मजुरीसाठी गुजरातेत जातात. कामाच्या जागी तीन दगडांची चूल मांडून राहणाऱ्या मातेला सतरा सूत्रे वाचून दाखविणे ही क्रूर थट्टाच ठरेल.

घराचा वाटा

मग व्यक्तीची जबाबदारी काहीच नाही काय? तसे म्हणणेही चुकीचे होईल. ज्याच्या घरी दोन वेळची ददात नाही, त्याच्यापुरते बोलावयाचे तर राजा भोजाच्या ग्रंथातील दृष्टीच खरी आहे. इंदूर, धार, देवास या शहरांत सकाळी पोहे आणि जिलबी, दुपारी कचोरी, आणि प्रत्येक पदार्थावर शेव पसरण्याची चाल आहे. सणावारी तुपात बुडविलेले बाफले खाणे ही संस्कृती आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण तो बेत दर आठवड्यास, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने करावा काय, याचा निर्णय त्याचा त्यालाच करावा लागेल.

असा निर्णय करण्यास घरातील डबे हेच उत्तम साधन आहे. मीठ माणशी दिवसास पाच ग्रॅमहून अधिक नसावे, असे शास्त्र सांगते. म्हणजे पाच माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी चाळीस दिवस पुरावयास हवी. पापड, लोणची आणि शेव यांतील मीठ याच हिशेबात धरावयाचे आहे. साखर, गोड पेये व मिठाया धरून, माणशी पंचवीस ग्रॅमपर्यंत ठेवावी. म्हणजे महिन्यास पावणेचार किलो. तेल-तूप चार किलो. वाण्याची यादी समोर ठेवून कोणासही हा ताळा करून पाहता येईल. त्यासाठी वैद्याची गरज नाही आणि एक पैसाही जास्त खर्च नाही. उलट तो वाचतो. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात प्रत्येक घराने तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा असे आवाहन केले, ते याच घराच्या वाट्यास अनुलक्षून होते.

काही गोष्टी तर केवळ सवयीच्या आहेत. जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास बाधा येते. जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा असला तर तेच लोह अधिक उपयोगी पडते. ज्या प्रदेशात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आहे, तेथे ही गोष्ट सामान्य नव्हे.

आणि याहून महत्त्वाची एक सवय अशी की, घरातील स्त्रीने सर्वांच्या मागून, उरलेसुरले खावे. डाळीचा घट्ट भाग पुरुषांच्या ताटात, पाणी तिच्या ताटात. दूध मुलाला, मुलीला नंतर पाहू. हा अन्याय गरिबाच्या घरी होतो आणि श्रीमंताच्या घरीही होतो. तो दूर करण्यास कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. वैयक्तिक जबाबदारी म्हणजे केवळ स्वतःच्या पोटाची काळजी नव्हे. आपल्या घरातील अन्न सर्वांना न्यायाने वाटले जाते की नाही, हे पाहणे हा तिचा पहिला भाग आहे.

दोन पातींचा रस्ता

देवासच्या इतिहासात एक विलक्षण व्यवस्था होती. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन पवार बंधूंच्या वंशांत राज्य विभागले गेले आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदू लागली. एकाच गावात दोन दरबार, दोन कारभार. काही ठिकाणी हद्द तर रस्त्यावरूनच जात असे, एक बाजू एकाची व दुसरी दुसऱ्याची. अशा रस्त्यावर दिवा लावावयाचा किंवा पाण्याचा नळ टाकावयाचा, तर दोघांचे एकमत झाल्याशिवाय काम नीट होणे शक्य नव्हते.

आहाराची जबाबदारीही अशीच दोन पातींची आहे. एक पाती घराची आणि दुसरी सरकारची. एकीने काम केले नाही तर दुसरीचे श्रम वाया जातात. या दृष्टीने दोन उदाहरणे उद्‌बोधक आहेत. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात गलगंडाचा मोठा प्रादुर्भाव होता. १९५६ पासून तेथे डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन प्रयोग केला आणि रोग हटत गेला. त्याच्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून मानवी आहारासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली. येथे कोणाही गृहिणीस आयोडीनचे महत्त्व समजावून घ्यावे लागले नाही. बाजारात जे मीठ मिळते तेच सुधारले. जेथे एका निर्णयाने सर्वांचे हित होते, तेथे ते प्रत्येकाच्या शहाणपणावर सोपविणे शहाणपणाचे नसते.

दुसरे उदाहरण फिनलंडमधील उत्तर कारेलिया या प्रांताचे. तेथील पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने दगावत असत. १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तेथे एक मोहीम सुरू झाली. गावोगावच्या महिला मंडळांनी जुनेच पदार्थ कमी लोणी व कमी मीठ वापरून करून दाखविले. पण त्याचबरोबर दूध-डेअऱ्यांनी कमी स्निग्धांशाचे दूध बाजारात आणले, मांसपदार्थांच्या कारखान्यांनी त्यांतील चरबी व मीठ घटविले आणि काही शेतकऱ्यांना फळपिकांकडे वळण्यास साह्य मिळाले. पुढील चार दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. नुसत्या व्याख्यानांनी हे झाले नसते, आणि नुसत्या कायद्यांनीही नाही.

असा मेळ माळव्यासही अपरिचित नाही. देवास जिल्ह्यात विंधनविहिरी खोल खोल जाऊन पाणी आटले होते. २००६ च्या सुमारास तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना आपल्याच जमिनीच्या एका लहान भागात शेततळी खोदण्यास प्रवृत्त केले. आरंभी पुष्कळांनी स्वतःचे पैसे घातले किंवा कर्ज काढले. सरकारने सल्ला, आखणी आणि पाठबळ दिले. ‘रेवासागर’ नावाची अशी हजारो तळी तेथे झाली. पावसाच्या पाण्यावर रब्बीचा गहू-हरभरा, भाजीपाला आणि दुभती जनावरे यांची सोय झाली. पोषणाच्या पुस्तिकेत शेततळ्याचा उल्लेख सापडणार नाही. पण माणशी चारशे ग्रॅम भाजीचा मार्ग अशाच तळ्याच्या काठाने जातो.

याउलट जेथे सल्ला एक दिशा दाखवितो आणि धोरण दुसरी, तेथे गोंधळ होतो. २०१५ मध्ये मध्य प्रदेशाच्या आदिवासी भागांतील काही अंगणवाड्यांत बालकांना अंडी देण्याची सूचना पुढे आली आणि राज्य सरकारने ती नाकारली. शाकाहार ही अनेकांची श्रद्धा आहे आणि तिचा मान राखला पाहिजे, यात शंका नाही. परंतु ज्या घरांत अंडी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जातात, त्या घरच्या बालकास ती मिळावीत की नाही, हा निर्णय श्रद्धेपेक्षा त्या बालकाच्या प्रकृतीवरून व्हावा, असे पोषणशास्त्र सांगते. अंडी नसतील तर दूध, डाळ, शेंगदाणे यांच्या रूपाने तेवढीच प्रथिने त्याच्या ताटात पडली पाहिजेत. काहीतरी नाकारल्यावर त्याऐवजी काय दिले, हे सांगण्याचे बंधन नाकारणाऱ्यावर असते.

यावरून एक साधी कसोटी हाती लागते. सल्ल्यातील ज्या गोष्टी घराच्या आवाक्यात आहेत, त्यांबद्दल घरास जाब विचारावा. मीठ, साखर, तेल, चहाची वेळ, ताटातील न्याय्य वाटणी, चालणे-फिरणे या त्या गोष्टी. ज्या आवाक्याबाहेर आहेत, त्यांबद्दल जाब सरकारला विचारावा. शिधावाटपात धान्याबरोबर डाळ, अंगणवाडीत व शाळेत पुरेसे पोषक जेवण, पिण्यास निर्धोक पाणी, ज्वारी-मका-तूर यांना सोयाबीनइतका किफायतशीर भाव, आणि पाकिटावर साध्या माणसास कळेल अशी सूचना या त्या गोष्टी होत.

धार आणि देवास येथील जमीन अद्याप काळी व कसदार आहे, आणि डाळ-धान्याचा मेळ घालण्याचे शहाणपण तेथील जुन्या जेवणात अजून शिल्लक आहे. पंचायतीच्या सभेत पिकांचा विचार होतो तेव्हाच गावाच्या जेवणाचाही विचार झाला, आणि महिन्याचे वाणसामान भरताना घरोघर एकदा मिठा-तेलाचा ताळा पाहिला गेला, तर त्या सतरा सूत्रांपैकी पुष्कळशी सूत्रे पुस्तिकेतून निघून चुलीपर्यंत पोहोचतील.